गोचीड आणि कुंपण

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत दर आठवड्यास जनावरांचा बाजार भरतो. गावोगावची गुरे तेथे एकत्र येतात आणि त्यांच्या अंगावर बसून गोचीडही गावोगाव जाते. गोचिडीला पंख नसतात. पायांनीही ती फार दूर जाऊ शकत नाही. जनावर हेच तिचे वाहन होय.

रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते व गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. काही गोचिडींच्या दंशाबरोबर थायलेरिया नावाचे सूक्ष्म परोपजीवी गुरांच्या शरीरात शिरतात. मग जनावरास तीव्र ताप येतो, गाठी सुजतात व ते खंगते. संकरित गाईंना हा रोग विशेष घातक ठरतो.

अमेरिकेतील गुरांच्या अशाच एका तापावर स्मिथ व किलबोर्न यांनी कुंपण घातलेल्या शेतांत प्रयोग केले आणि गोचीडच त्याची वाहक असल्याचे १८९३ मध्ये दाखवून दिले.

म्हणून बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधावे, गोचिडी काढाव्या व गोठ्याच्या भेगा बुजवाव्या. कुरणास कुंपण घालावे. कुंपणातून गोचीड सहज जाते. परंतु तिला वाहून आणणारी मोकाट गुरे व रोही बाहेरच राहतात. दूधदुभत्यावर ज्यांचा संसार चालतो, त्यांना हे श्रम परवडतात. गाय गमावणे परवडत नाही.