पिशवी उघडणारा हात आपल्याच माणसाचा

एकाच पिशवीत भाजीची देठे, फुटलेला ग्लास, प्लास्टिकची बाटली आणि बाळाचे डायपर भरून आपण ती घंटागाडीत टाकतो. पुढे तो कचरा आपोआप वेगळा होत नाही. कोणीतरी ती पिशवी उघडून हाताने निवडते. या कामात आपल्या दलित समाजातील स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने आहेत. कित्येक वस्त्यांत सफाई कामगार आपल्याच गल्लीत राहतात. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

फुटक्या काचेने हात कापतो, जखम चिघळते, धनुर्वाताचा धोका असतो. मधुमेही रुग्णाने वापरलेली इन्सुलिनची सुई टोचली, तर कावीळ ‘बी’चा संसर्ग होऊ शकतो. उघड्यावर पडलेल्या अन्नावर उंदीर येतात आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टो पसरतो. करवंटीत, टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. हा त्रास कामगाराला होतो, तसाच आपल्या घरालाही होतो.

घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबावर टाकली. दहा बाय दहाच्या खोलीत डबे कुठे ठेवायचे, असे भगिनी विचारतील. त्यासाठी नवे डबे विकत घ्यायला नकोत.

ओल्यासाठी झाकणाची जुनी बादली पुरे. त्यात उरलेले अन्न, साली, चहाचा चोथा टाकावा. बादली रोज रिकामी करावी.

सुक्यासाठी खिळ्याला एक पिशवी अडकवावी. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा त्यात ठेवावा. दुधाची पिशवी धुऊन वाळवावी. कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो बारीक तुकडा वेचता येत नाही. कोरड्या, स्वच्छ मालाला भंगारात भाव येतो. खरकटे लागलेला कागद वाया जातो.

सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावे, वर ‘सुया’ असे लिहावे. काच जाड कागदात गुंडाळावी. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडू नये. या वस्तू कामगाराच्या हाती देताना तोंडाने सांगावे.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. ही मोहीम पुण्यातील कचरावेचक महिलांनी चालवली. 1993 साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 2008 पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेमार्फत त्या घरोघरी कचरा गोळा करतात. उघड्या पॅडला हात लावण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढीच त्यांची मागणी.

आपण वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल, तर गप्प बसू नये. गल्लीतील दहा-पंधरा घरांनी सह्या करून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्याच अर्जात कामगारांना हातमोजे, गमबूट मिळावेत, हेही लिहावे.

दुसऱ्याची घाण हाताने उपसणे हे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाट्याला लादले गेले. निदान आपल्या घरातून निघालेली पिशवी तरी कोणाला उघडावी लागू नये, एवढे आजपासून प्रत्येक घराला करता येईल.