व्हायाडक्ट : अनेक गाळ्यांचा पूल

मेट्रोच्या बातम्यांबरोबर ‘व्हायाडक्ट’ हा शब्द आता वर्तमानपत्रात सर्रास येतो. विद्यार्थ्याने अर्थ विचारला, तर ‘उंच पूल’ असे सांगून आपण मोकळे होतो. हे उत्तर अपुरे आहे.

लॅटिनमध्ये ‘व्हिया’ म्हणजे रस्ता आणि ‘ड्यूकेरे’ म्हणजे नेणे. पाणी नेणाऱ्या जलसेतूला ‘ॲक्विडक्ट’ म्हणतात. त्याच धर्तीवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘व्हायाडक्ट’ हा शब्द घडवण्यात आला. तो रुळला मात्र आगगाडीमुळे. बैलगाडी दरीत उतरून पलीकडे चढू शकते. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, कारण गुळगुळीत रुळावर चाकांची पकड कमी पडते. म्हणून दरी आली, की मार्ग जवळजवळ त्याच पातळीत पलीकडे न्यावा लागतो.

मग दरी मातीनेच का भरून काढू नये? उथळ दरीत तसेच करतात. परंतु भरावाच्या बाजू उभ्या ठेवता येत नाहीत, त्यांना उतार द्यावा लागतो. माथा ६ मीटर रुंद आणि उतार दर मीटर उंचीला २ मीटर धरू. १० मीटर उंच भरावाचा पाया ४६ मीटर रुंद होईल, म्हणजे काटछेदाचे क्षेत्रफळ २६० चौरस मीटर. उंची ६४ मीटर केली, तर पाया २६२ मीटर आणि क्षेत्रफळ ८,५७६ चौरस मीटर! उंची साडेसहा पटीहून कमी वाढली, माती मात्र ३३ पट लागली. (समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ शिकवताना हे गणित जरूर द्यावे.)

६४ मीटर हा आकडा मनचा नाही. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीच्या दरीवर एवढ्या उंचीचा व्हायाडक्ट आहे. त्याची लांबी ४२४ मीटर. नदी लहान, दरी मोठी; पूल खरा दरीसाठी आहे.

एवढे अंतर एकाच तुळईने का ओलांडत नाहीत, हे वर्गात दाखवता येते. प्लास्टिकची फूटपट्टी २४ सेंमी अंतरावरील दोन पुस्तकांवर ठेवा, मधोमध वजन ठेवून ती किती वाकते ते मोजा. आता अंतर १२ सेंमी करा. तेच वजन ठेवल्यावर वाक निम्मा होत नाही, सुमारे एक अष्टमांश होतो. कारण तो अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून लांब पुलाचे खांबांनी गाळे पाडतात. गाळे लहान केले, की तुळई हलकी होते, पण खांब वाढतात, आणि उंच खांब महाग. या ओढाताणीतून गाळ्याचे माप ठरते. पानवलला बहुतेक गाळे ४० मीटरांचे आहेत.

सारखे गाळे असण्याचा आणखी एक फायदा आहे. एवढ्या खोल दरीत खालून परांची उभारणे अवघड. पानवलला तुळईचे तुकडे एका टोकाला जमिनीवरच ओतले आणि प्रत्येक नवा तुकडा जोडून पूर्ण तुळई हायड्रॉलिक जॅकने खांबांवरून पुढे सरकवत नेली. एकच साचा पुन्हा पुन्हा वापरता आला.

आता शब्दाच्या वापराकडे. व्हायाडक्ट जमिनीवर आणि पूल पाण्यावर, असा भेद काही पुस्तकांत असतो, पण तो टिकत नाही. २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचा केबलवर तोललेला भाग वगळला, तर समुद्रावरच्या ओळीने आलेल्या काँक्रीटच्या गाळ्यांना अभियंते व्हायाडक्टच म्हणतात. तिथे ना दरी, ना सुकी जमीन. तेव्हा ‘दरीपूल’ हा प्रतिशब्द पानवलला शोभला, तरी सागरी सेतूला किंवा मेट्रोला चालणार नाही. ‘बहुगाळी पूल’ म्हटले, तर तिन्हींची सोय होते.