गुलाबाचे वाण कसे ओळखावे

चंदीगडच्या सेक्टर १६ मधील झाकिर हुसेन गुलाब उद्यान १९६७ साली उभे राहिले ते शहराचे तत्कालीन मुख्य आयुक्त आणि मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले महिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने. हिवाळा ओसरू लागला की तेथे गुलाब महोत्सव भरतो आणि शेकडो वाणांच्या वाफ्यांमधून फिरणारा बहुतेक प्रेक्षक मनातल्या मनात फुलांची वाटणी लाल, पिवळी, पांढरी, दुरंगी अशीच करत जातो. नजर आधी रंगावर जावी हे स्वाभाविक आहे; परंतु वाण ओळखायचा असेल तर रंगाइतकी बेभरवशाची खूण क्वचितच दुसरी सापडेल.

‘मॅस्करेड’ या १९४९ सालच्या वाणाची कळी पिवळी उमलते, फूल वयात येताना गुलाबी होते आणि उतरणीला लागताना गडद तांबडे दिसते, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग नांदतात आणि नवख्याला ती तीन झाडे एकमेकांत गुंतल्यासारखी वाटतात. ‘डबल डिलाइट’च्या सायीच्या रंगाच्या पाकळ्यांवर कडेने चढणारी लाली उन्हातील अतिनील किरणांवर अवलंबून असते, म्हणून सावलीत किंवा काचगृहात वाढलेले तेच झाड फिकट फुले देते. पांढरा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘आइसबर्ग’सुद्धा थंडीत कळीवर गुलाबी झाक मिरवतो.

मग वाण म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते. संकरातून जन्मलेल्या एखाद्या रोपाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतील सुप्त कळी, दुसऱ्या जोमदार गुलाबाच्या खुंटावर भरून पुढची रोपे तयार केली जातात. बी पेरून तोच वाण मिळत नाही, कारण प्रत्येक बी नवा संकर घेऊन येते. याचा अर्थ असा की जगभरातील ‘पीस’ गुलाबाची सर्व झाडे फ्रान्समधील फ्रान्सिस मेयां यांच्या मळ्यात वाढलेल्या एकाच रोपाचे विस्तारलेले अंश आहेत, आणि म्हणूनच हवामान बदलले तरी झाडाच्या बांध्यातील काही लक्षणे टिकून राहतात. ओळखीचा आधार शोधायचा तो या लक्षणांत.

पहिला प्रश्न गटाचा असतो. लांब देठावर एकटे, निमुळत्या कळीचे आणि मध्यभागी उंच उभारलेले फूल दिसले की ते बहुधा ‘हायब्रिड टी’ गटातले असते. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो यांनी प्रसृत केलेल्या ‘ला फ्रान्स’पासून या गटाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. फुले झुबक्याने येत असतील तर झाड ‘फ्लोरिबंडा’ असण्याचा संभव अधिक. डेन्मार्कच्या पोल्सन घराण्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी, लहान फुलांच्या ‘पॉलिअँथा’ गुलाबांचा हायब्रिड टीशी संकर करून हा गट रूढ केला. दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या ‘क्वीन एलिझाबेथ’साठी १९५४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ग्रँडिफ्लोरा’ नावाचा स्वतंत्र गट निर्माण करण्यात आला, तो ब्रिटिशांनी मानला नाही, आणि खरे पाहता त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. वेली आणि बुटके गुलाब पाहताक्षणी कळतात.

गट ठरल्यावर फुलाखाली पाहावे. पाकळ्यांना कळीत झाकून ठेवणाऱ्या पाच हिरव्या निदलांची रचना मोठी चमत्कारिक असते: दोन निदलांना दोन्ही कडांनी झालर असते, दोघांना मुळीच नसते आणि पाचव्याला एकाच बाजूने असते. निदले कळीत एकमेकांवर चढलेली असतात आणि जी कड दुसऱ्याखाली दबते तिला झालर फुटत नाही, हे त्यामागचे कारण आहे. हा क्रम बहुतेक गुलाबांत सारखाच आढळतो. वाणावाणांत फरक पडतो तो झालरीच्या लांबीत, निदलांच्या टोकांत आणि त्यांच्या खालच्या कुपीसारख्या फुगीर भागाच्या आकारात. पाकळ्या मोजणेही उपयोगी पडते, मात्र गारव्यात सावकाश उमललेल्या आणि उन्हाळ्यात घाईने उमललेल्या फुलांत ही संख्या कमीजास्त होते, हे ध्यानात ठेवावे लागते. देठावरील काटे सरळ आहेत की खाली वाकलेले, दाट आहेत की तुरळक, कोवळी पालवी हिरवी आहे की तांबूस, पान तकतकीत आहे की निस्तेज, ही लक्षणे फूल गळून गेल्यावरही तपासता येतात आणि त्यामुळे जाणकार माणूस फुलापेक्षा झुडपाकडे अधिक वेळ पाहतो.

रंगाला पूर्णपणे बाद करणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण त्यातून वाणाचे कुळ कळते. पूर्वी युरोपातील बागांमधल्या गुलाबांत झगझगीत पिवळा रंग जवळजवळ नव्हता. पर्शियन पिवळ्या गुलाबाचा संकर साधून पेर्ने-ड्युशे यांनी १९०० साली ‘सोलेय दॉर’ बाजारात आणला, आणि त्याच्या वंशातून आजचे पिवळे, नारिंगी व ज्वालेसारखे वाण निपजले. त्याच पूर्वजाकडून पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही पुढच्या पिढ्यांत उतरली. निळा रंग देणारे डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाब स्वतः तयार करू शकत नाही, त्यामुळे ‘ब्लू मून’ हे नाव असलेले फूल प्रत्यक्षात फिकट जांभळे असते.

झाडाजवळची पाटी हा सोपा मार्ग वाटतो, पण तीही पारखून घ्यावी. कलम मेले आणि खालच्या खुंटाने फुटवा धरला, तर पाटी जुनीच राहते आणि झाड भलतेच होते. पाच पर्णिकांचे पान कलमाचे आणि सातांचे खुंटाचे, हा प्रचलित आडाखा नेहमी खरा ठरत नाही, कारण हायब्रिड टीच्या जोमदार फांदीवरही सात पर्णिका येतात. फांदी डोळा भरलेल्या जागेच्या वरून निघाली की खालून, हे माती सारून पाहणे अधिक खात्रीचे. नावांचाही घोळ असतोच: ‘पीस’ फ्रान्समध्ये ‘मादाम आ. मेयां’, जर्मनीत ‘ग्लोरिया देई’ आणि इटलीत ‘जोया’ म्हणून विकला गेला. आता नोंदणीच्या सांकेतिक नावाची पहिली तीन अक्षरे सामान्यतः पैदासकार दर्शवतात. मेयां यांच्या वाणांची सांकेतिक नावे ‘मेइ’ने, तर जर्मनीच्या कोर्डेस यांची ‘कोर’ने सुरू होतात.

भारतीय वाणांची नावे याहून सहज लक्षात राहतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक बेंजामिन पिअरी पाल यांनी ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ आणि मुंबईकर अणुशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ असे वाण तयार केले, तर दिल्लीच्या पुसा संस्थेतील ‘मोहिनी’ तिच्या तपकिरी, चॉकलेटी छटेमुळे चटकन लक्ष वेधून घेते. त्याच संस्थेची धारीदार ‘अभिसारिका’ ही ‘किस ऑफ फायर’ या वाणात विकिरणाच्या साहाय्याने घडवून आणलेल्या बदलातून आली.

असा बदल निसर्गतःही होतो आणि तो ओळखणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. ‘पीस’च्या एका फांदीवर अचानक अधिक गडद गुलाबी फुले आली, त्या फांदीचे डोळे भरले गेले आणि १९६२ साली ‘शिकागो पीस’ प्रसिद्ध झाला. त्याचा बांधा, पान आणि काटे मुळातल्या झाडासारखेच असल्याने वर बेभरवशाचा ठरवलेला रंगच येथे निर्णायक ठरतो. शिवाय अशा वाणाची एखादी फांदी मूळ रूपाकडे परतू शकते, म्हणून कलमासाठी डोळे घेताना माळी ज्या फांदीने अपेक्षित रंगाचे फूल प्रत्यक्ष दिले आहे, तिचेच डोळे काढतात.