डोंगरात अपघात झाला तर काय करू नये

जूनच्या पहिल्या दोन-तीन सरी कोसळल्या की महापे परिसराचे रूप पालटते. एरवी कारखान्यांच्या पत्र्यांमागे आणि मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचांमागे दडलेला पारसिकचा डोंगर एकाएकी हिरवा होतो, गवळीदेवाच्या बाजूने पाण्याच्या पांढऱ्या रेषा उतरू लागतात आणि रविवारचा मिस्सा आटोपला की आपल्या युवकांचे जथे पाठीवर पिशव्या टाकून तिकडे निघतात. त्यांना अडविण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र या डोंगराविषयी एक गोड गैरसमज आपल्या मनात असतो. वर चढल्यावर खाली ठाणे-बेलापूर रस्ता दिसतो, औद्योगिक वसाहतीचे दिवे दिसतात, मोबाइलही बहुधा चालतो; त्यामुळे आपण शहरातच आहोत असे वाटत राहते. प्रत्यक्षात पाय मुरगळलेल्या माणसाला त्या ओल्या पायवाटेवरून खाली आणायला चार धडधाकट तरुणांना दोन तास लागू शकतात. त्या दोन तासांत काय करावे, आणि त्याहूनही अधिक म्हणजे काय करू नये, याविषयी हा लेख आहे.

हा विषय घ्यावासा वाटला त्यास एक जुनी आठवण कारणीभूत आहे. २००१ च्या ऑक्टोबरात युवकांचे निवासी शिबिर घेऊन आम्ही रायगड जिल्ह्यातील एका डोंगराच्या पायथ्याशी उतरलो होतो. सरपण गोळा करताना सोळा वर्षांच्या एका मुलाच्या पोटरीला साप चावला. सेमिनरीत असताना मी प्रथमोपचाराची एक जुनी पुस्तिका जवळजवळ पाठ केली होती. तिच्यात लिहिल्याबरहुकूम मी त्याच्या मांडीवर सुतळी करकचून आवळली आणि दाढीच्या ब्लेडने दंशाच्या जागी दोन चिरा दिल्या. शेजारच्या वाडीतील एक कातकरी गृहस्थ पुनःपुन्हा सांगत होते की त्यांनी साप पाहिला आहे, ती धामण आहे. पण माझ्या धांदलीत त्यांचे ऐकायला कोणाला सवड होती! दवाखाना गाठेपर्यंत पाय काळानिळा पडला होता. धामण बिनविषारी असते हे आपण जाणताच. पुढे त्या चिरा पिकल्या आणि तो मुलगा महिनाभर लंगडत होता. तेथील डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन अगदी शांतपणे विचारले, “फादर, साप चावला हे समजलं, पण हे कोणी केलं?”

माझी पुस्तिका खोटी नव्हती, ती जुनी झाली होती. एके काळी शाळांतून, स्काउटच्या वर्गांतून हेच शिकविले जात असे आणि आजही आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी हेच सांगतात. म्हणून सर्पदंशाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, आणि ही संख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. हे मृत्यू औषध नसल्यामुळे होतात असे नव्हे. औषध आहे. घोड्यांना सापाच्या विषाच्या अगदी अल्प, पण क्रमाक्रमाने वाढत्या मात्रा देतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात आणि ती वेगळी काढून शुद्ध करतात. हेच प्रतिविष, ज्याला आपण बोलीत सर्पदंशाची लस म्हणतो. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. वर सांगितलेल्या चारही सापांवर ते एकच प्रतिविष चालते. म्हणून साप मारून, पिशवीत घालून दवाखान्यात नेण्याची काहीही गरज नसते. त्या खटाटोपात दुसऱ्यालाही दंश होतो.

मग डोंगरात करावयाचे काय? रोग्याला आडवे करावे आणि धीर द्यावा. विषाचा पुष्कळसा भाग स्नायूंच्या हालचालीने पुढे सरकतो, म्हणून दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या, मिटलेल्या छत्रीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर करावा. अंगठी, कडे, पैंजण, बूट लगेच काढावेत, कारण सूज आली की ते निघत नाहीत. दंशाची वेळ कागदावर लिहावी. रोग्याने एक पाऊलही चालू नये. त्याला उचलून न्यावे. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, झाडपाला चोळणे, मिरची खायला देऊन तिखट लागते का ते पाहणे, मंत्र घालणे यांपैकी काहीही करू नये. वेदनेसाठी ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये, कारण घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती आधीच जात असते. रुग्णालयात रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिले, तर विष भिनले आहे असे डॉक्टर ओळखतात. एवढी साधी, पण प्राण वाचविणारी ही परीक्षा आहे. प्रतिविषाची मात्रा लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष वय पाहून सोडलेले नसते. मूल लहान म्हणून डोस कमी द्या, असा आग्रह आईवडिलांनी धरू नये.

मण्यारीची गोष्ट निराळी आहे. ती रात्री हिंडते आणि तिच्या दंशाची वेदना अनेकदा जाणवतही नाही. शिबिरात जमिनीवर झोपलेला मुलगा पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. आपण ‘अपचन झाले’ म्हणून सोडा पाजत बसतो आणि तेवढ्यात श्वास मंदावतो. अशा रोग्याला प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटरही लागू शकतो. यास्तव शिबिरात प्रत्येकाला मच्छरदाणी असावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या असाव्यात. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीलाही रोखते.

बायबलच्या वाचकांना प्रेषितांच्या कृत्यांतील माल्टा बेटावरचा प्रसंग आठवेल. संत पौलाने सरपणाची मोळी विस्तवावर टाकली, तेव्हा उष्णतेने साप बाहेर येऊन त्याच्या हाताला झोंबला. श्रद्धेचा अर्थ ज्याने त्याने घ्यावा. व्यवहाराचा अर्थ असा की सरपण उचलण्यापूर्वी ते काठीने हलवावे. आमच्या शिबिरात तेवढेही झाले नव्हते.

विंचवाच्या बाबतीत मात्र रायगड जिल्ह्याने साऱ्या जगाला शिकविले आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात तेथील सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना पाहिले की लाल विंचवाच्या दंशाने लोक वेदनेने मरत नाहीत, तर हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी साचल्याने मरतात. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी यावर उपयोगात आणले. त्यांचे लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि ज्या दंशाने पूर्वी शंभरात तीस-चाळीस रोगी दगावत, तेथे ते प्रमाण एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण एवढे ध्यानी ठेवावे की विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, उलटी झाली आणि हातपाय थंड पडले, तर ठणका कमी असला तरी क्षणभरही थांबू नये.

साप आणि विंचू यांची आपल्याला धास्ती असते; पाण्याची नसते. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून ती माणसे उभी होती आणि काठावरचे लोक हताशपणे पाहत होते. आपल्या जवळच्या खारघरच्या पांडवकड्यानेही अनेक तरुण घेतले आहेत आणि त्यामुळे तेथे पावसाळ्यात प्रवेशबंदी घालावी लागते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली आपल्याला दिसत नाही; आपल्या डोक्यावर ऊन असते आणि लोंढा वाटेत असतो. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा व काटक्या येऊ लागल्या, किंवा त्याचा आवाज बदलला, तर सामान उचलण्याचाही विचार न करता काठावर, आणि काठावरूनही उंचावर जावे. कोणी वाहून चालला तर त्याच्यामागे उडी टाकू नये. दोरी, लांब काठी, गाठी मारलेल्या ओढण्या, बूच लावलेली रिकामी मोठी बाटली, जे मिळेल ते त्याच्याकडे फेकावे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात किंवा त्याला उलटे धरण्यात वेळ दवडू नये. त्याला सर्वप्रथम हवा हवी असते. आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. दर ३० दाबांनंतर २ श्वास. मदत येईपर्यंत आळीपाळीने हे चालू ठेवावे. हे वाचून येत नाही. प्रत्येक धर्मग्रामातील निदान दहा युवकांनी एखाद्या जाणत्या डॉक्टरांकडून पुतळ्यावर सराव करून ते शिकून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

घसरून पडण्याविषयी थोडक्यात. वाहत्या जखमेवर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून दहा मिनिटे सलग दाबून धरावी, ‘थांबले का?’ म्हणून मध्ये उचलून पाहू नये, कारण नुकतीच धरलेली गुठळी त्याने निघते. उंचावरून पडलेला माणूस मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, तर त्याला बसवू नये. वर दगड कोसळण्यासारखा दुसरा धोका नसेल, तर जेथे आहे तेथेच ठेवावा, अंगावर कोरडे पांघरूण आणि प्लास्टिक घालावे व गिर्यारोहकांच्या बचाव पथकाची वाट पाहावी. भल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. आज आपण ते ओतणार नाही. परंतु त्याच्या कामाचा क्रम आजही तोच आहे: आधी जखम बांधली, मग स्वतः उचलून सुरक्षित जागी नेले आणि रात्रभर जवळ राहिला.

उन्हाळ्यातील सहलींसाठी खारघरचीच दुसरी आठवण पुरेशी आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथील मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. उन्हात माणूस बरळू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर ती साधी भोवळ नव्हे. सावलीत नेऊन कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे आणि वारा घालावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत हे लांबणीवर टाकू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

राहिली वाट चुकण्याची गोष्ट. धुके उतरले आणि पायवाट दिसेनाशी झाली की माणूस अधिक भराभर चालू लागतो, आणि कड्यावरून पडतो तो याच वेळी. १९२२ साली पोप झालेले अकरावे पायस तरुणपणी नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली आल्प्समधील मोंते रोझाच्या पूर्व कड्यावर चढताना शिखराजवळ अंधार पडला, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी उतरण्याचा मोह आवरला आणि जेमतेम उभे राहता येईल अशा खडकाच्या कडेवर, गोठवणाऱ्या थंडीत जागत रात्र काढली. सकाळी सर्व जण सुखरूप निघाले. पुढे १९२३ साली त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पारसिकचा डोंगर मोंते रोझा नव्हे, पण नियम तोच: वाट हरवली की थांबावे, पाणी प्यावे, सर्वांनी एकत्र बसावे, आणि उजेड गेला असेल तर सकाळपर्यंत हलू नये. मोबाइलवरून आपले ठिकाण पाठवून तो बंद ठेवावा आणि ठरावीक वेळीच उघडावा. शिट्टी जवळ असावी. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचे सहा झोत, मग एक मिनिट विश्रांती, हा संकटाचा जगन्मान्य संकेत आहे. उत्तरादाखल तीन येतात.

निघण्यापूर्वी दोन कामे करावीत. वाशी व ऐरोली येथील महापालिका रुग्णालये आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत व प्रतिविष आणि व्हेंटिलेटर आज उपलब्ध आहेत का, हे फोन करून विचारावे. रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व आपत्तींसाठीचा ११२ हे क्रमांक तर मुलांनाही पाठ असावेत. दुसरे काम त्याहून सोपे. कोण कोण निघाले, कोणत्या वाटेने, आणि किती वाजता परतणार, हे एका कागदावर लिहून घरी राहणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावे. ती वेळ टळून एक तास झाला की त्या व्यक्तीने ११२ ला कळवावे. ‘येतील हो, पावसात अडकले असतील’ म्हणत काळोख पडू देऊ नये.