गोळी तपासणारी बोथट सुई

'गोळी रोज न चुकता घेतो, तरी रक्तदाब खाली येत नाही,' अशी तक्रार घेऊन अनेक रुग्ण डॉक्टरांकडे जातात. जेवणातील मीठ, वाढलेले वजन, मधेच चुकलेले डोस अशी याची कारणे पुष्कळ असतात. पण क्वचित शंका गोळीवरच येते. पाकिटावर ५ मिलीग्रॅम छापले आहे. आत तेवढे औषध आहे का? रंगावरून वा चवीवरून हे कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

औषध निरीक्षक दुकानांतून जे नमुने घेतात, ते मुंबई, नागपूर अशा ठिकाणच्या सरकारी प्रयोगशाळांकडे जातात. तेथे बऱ्याच औषधांसाठी एच.पी.एल.सी. हे यंत्र वापरतात. त्याचे तत्त्व सोपे आहे. टिपकागदावर शाईचा थेंब पसरला की तिच्यातील रंग वेगळे होताना आपण पाहिले असेल. तसेच येथे गोळीचे द्रावण बारीक भुकटीने गच्च भरलेल्या पोलादी नळीतून ढकलतात. आतील घटक एकामागून एक बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे प्रमाण मोजता येते. मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण ३० पौंड असतो. या नळीत तो सहज २ ते ३ हजार पौंडांपर्यंत जातो.

एवढ्या दाबात नमुना आत घालायचा कसा? येथे सिरिंज उपयोगी पडते. काचेची नळी, पोलादी दट्ट्या आणि टोक सपाट कापलेली सुई, असे तिचे रूप. दवाखान्यातील सुई अणकुचीदार, ही मात्र बोथट, कारण टोकदार सुईने झडपेच्या आतील भागावर ओरखडे पडून गळती होते. सिरिंज प्रत्यक्ष तो दाब सोसत नाही. ती फक्त 'लूप' नावाची बारीक नळी भरते. मग झडपेचा दांडा फिरवला की दाबाखालचा द्रव नमुन्याला पुढे घेऊन जातो.

या लूपमध्ये बहुधा २० मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी. त्यात २ मायक्रोलिटर हवेचा बुडबुडा शिरला, तर नमुना १० टक्के कमी भरतो. अनेक गोळ्यांसाठी ९० ते ११० टक्के औषध असणे मान्य आहे. मग ९८ टक्क्यांची चांगली गोळी ८८ टक्क्यांची दिसून नापास होईल! उलट आधीच्या नमुन्याचा अंश सुईत राहिला, तर कमी औषधाची गोळी पास होण्याचा धोका असतो. म्हणून कुशल तपासनीस प्रत्येक वेळी सिरिंज धुतो, बुडबुडा घालवतो, आणि माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रावण पाच-सहा वेळा घालून आकडे जुळतात का ते आधी पाहतो. क्षारयुक्त द्रावण आत सुकू दिले तर दट्ट्या अडकतो, हेही तो जाणतो. आज अनेक प्रयोगशाळांत हे काम स्वयंचलित यंत्र करते; पण काटेकोर धुणे व मोजणे त्यालाही चुकलेले नाही.

वाचकांनी काय करावे? औषध नेहमी बिल घेऊनच विकत घ्यावे. पाकिटावरील बॅच क्रमांक व मुदत पाहावी. गोळी शेवटपर्यंत अशी कापून घ्यावी की क्रमांक छापलेला भाग उरेल. शंका आल्यास उरलेले पाकीट जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कळवावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणताही ग्राहक ठरलेले शुल्क भरून विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो.

एक मात्र लक्षात ठेवावे. शंका आली म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे.