डबा वाजला पाहिजे

कोयनानगरात जुलै महिन्यात कुठलंच बिस्किट बिस्किट राहत नाही. सकाळी पुडा फोडला की दुपारी नरम, रात्री वातड, आणि झाकण नीट बसलं नसेल तर दोन-चार दिवसांत त्यावर हिरवट बुरा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं हे गाव. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. इथे कुत्र्यासाठी घरी खाऊ भाजायचा म्हटलं की पाककृतीच्या आधी ओलीचा विचार करावा लागतो. पाककृती सोपी आहे, शाळकरी पोरही करील. ती कोरडी ठेवणं हे खरं काम.

आमच्याकडे बुंदी आहे. पिवळसर अंगावर बारीक ठिपके, म्हणून नाव बुंदी. जात विचाराल तर अस्सल गावठी. डोंगरावरच्या गवळी धनगरांच्या वाड्यावरून पिल्लू असताना आणली. देताना तिथल्या म्हाताऱ्या मामांनी एकच ताकीद दिली होती : "ताई, रातच्याला भाईर ठिवू नगा. बिबट्याला कुत्र्याची लई चटक." आमचे हे पॉवरहाउसच्या नोकरीत जन्म काढलेले. त्यांनाही हे सांगायची गरज नव्हती. १९८५ पासून इथे कोयना अभयारण्य आहे, २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, आणि वाघ कधीमधी दिसत असला तरी बिबट्या मात्र आमचा कायमचा शेजारी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. तो मुलूख उसाचा, आमचा जंगलाचा. पण कुत्र्याच्या मालकाने धडा घ्यायचा तो एकच. दिवेलागणीला कुत्रं घरात पाहिजे.

आता बुंदीला हाक मारून पाहा. पत्र्यावर पाऊस कोसळतोय, ओढा गर्जतोय, आणि मी अंगणात उभी राहून "बुंदीऽऽ" करतेय. ती कुठल्यातरी क्वार्टरच्या मागे उंदीर उकरत बसलेली. माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू येत नाही. पण स्टीलच्या डब्यात सुकी बिस्किटं घालून तो खडखडवला की कशी येते पाहा! तो टणत्कार पावसाच्या घोंगाटातून तिला बरोबर वेगळा ऐकू येतो. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा पंचेचाळीस हजारांपर्यंत. उंच पट्टीचे आवाज हा त्यांचाच प्रांत. बिस्किटं सादळली की मात्र डबा मुका होतो. नुसता थप-थप आवाज येतो आणि बाईसाहेब येत नाहीत. म्हणून आमच्या घरातली बिस्किटाची परीक्षा जिभेवर होत नाही, कानावर होते.

हे शिकवायला फार दिवस लागत नाहीत. आधी स्वयंपाकघरातच डबा वाजवायचा आणि लगेच एक तुकडा द्यायचा. मग ओसरीवरून, मग अंगणातून, मग कुंपणाबाहेर गेली असताना. डबा वाजवून कधी रागवायचं नाही, आंघोळीला बोलवायचं नाही, गोळी द्यायलाही नाही. आमच्या यांनी एकदा डबा वाजवून तिच्या कानात औषध घातलं, त्यानंतर पुढचा आठवडाभर ती डब्याकडे अशी बघायची की जणू आम्ही कुणी सावकारच.

आता साहित्य. नाचणीचं पीठ दीडशे ग्रॅम, कणीक पाऊणशे ग्रॅम, उकडून घोटलेला लाल भोपळा चार-पाच मोठे चमचे आणि एक अंडं. संपलं. मीठ नाही, गूळ-साखर नाही, सोडा नाही. आमच्या पाटण तालुक्यात डोंगरउतारावर नाचणी पिकते, तेव्हा दुसरं धान्य शोधायला कशाला जायचं? पण नुसत्या नाचणीला चिकटपणा नाही, लाटताना फाटते आणि भाजल्यावर भुगा होतो. म्हणून थोडी कणीक. भोपळ्याने ओलावा येतो, त्यात पाणी घालायची बहुधा गरज पडत नाही. सोडा लागतच नाही, कारण ही बिस्किटं फुगवायची नाहीत. फुगलेलं बिस्किट लवकर सादळतं, आणि जास्त सोडा कुत्र्याच्या पोटाला वाईटच.

पीठ पुरीपेक्षा घट्ट मळायचं. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की नाचणी पाणी पिते आणि गोळा सावरतो. पोळीच्या दुप्पट जाडीची लाटी लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे चौकोन कापायचे, अंगठ्याच्या नखाएवढे. हा आकार महत्त्वाचा, त्याचा हिशेब पुढे सांगते. प्रत्येक तुकड्याला काट्याने दोन भोकं पाडायची, म्हणजे आतली वाफ निघून जाते.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर अर्धा तास, मग बंद करून दार न उघडता त्यातच गार होऊ द्यायचं. आमच्याकडे ओव्हन आहे, पण पावसाळ्यात त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. १,९६० मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचं हे गाव, पण तारेवर एक फांदी पडली की आम्हीच मेणबत्ती शोधतो! म्हणून मी जाड बुडाची कढई वापरते. तळाला जाड मीठ दोन बोटं पसरायचं, त्यावर स्टँड, स्टँडवर स्टीलचं ताट, वरून घट्ट झाकण. दहा मिनिटं कढई तापू द्यायची आणि मग मंद आचेवर पाऊण तास. मध्ये एकदा तुकडे उलटायचे. नाचणी मुळातच तांबूस, त्यामुळे रंगावरून भाजलंय की नाही कळत नाही. एक तुकडा काढून गार करायचा आणि मोडायचा. कट्कन तुटला तर झालं. वाकला तर परत कढईत.

पावसाळ्यात मी दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे पुन्हा एकदा अगदी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवते. बेकरीवाला टोस्ट असाच दोनदा भाजतो. मग पूर्ण गार होऊ द्यायचे. कोमट बिस्किटं डब्यात भरली की झाकणाला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत बुरशीच्या घशात जाते. डब्यात कोरड्या भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकायची. पावसाळ्यात कच्चे तांदूळही ओल धरून असतात, म्हणून आधी भाजायचे. आठवड्याचा डबा बाहेर, बाकीची बिस्किटं फ्रीझरमध्ये.

बुरशीबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे "वरचं खरवडून टाक आणि कुत्र्याला घाल" ही सर्रास पद्धत आहे. शेंगदाणे, मका, दमट पीठ यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाला घालतं आणि कुत्र्याला ते फार बाधतं. पुन्हा भाजून ते जात नाही, उकळूनही जात नाही. बुरा आलेली भाकरी, खवट शेंगदाण्याचा कूट, वास येणारं पीठ माणसाला नको म्हणून कुत्र्याला, हा हिशेब बंद करा. जे आपण खाणार नाही ते त्यालाही नाही.

याच्या उलट, आपण खातो ते सगळं त्याला चालतं असंही नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे मटण म्हटलं की आधी अळणी पाणी, आणि घरातल्या कुत्र्याच्या ताटात ते पहिलं. तिखट नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण त्यात लसूण, आलं, बऱ्याच घरांत कांदाही असतो. कांदा-लसणातले घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एका दिवसात दिसलं नाही तरी रोज थोडं-थोडं घालून रक्त उतरतं. कुत्र्यासाठी मांसाचं पाणी काढायचं तर वेगळ्या भांड्यात, नुसतं मांस आणि पाणी. शिजवलेलं हाडही नको. ते ठिसूळ होऊन त्याची टोकदार किरचं होतात.

दुसरा आपल्याकडचाच धोका म्हणजे बेदाणा. सांगली-तासगावचा बेदाणा घराघरांत, शिऱ्यात आणि प्रसादात. द्राक्ष आणि बेदाणा यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशोधकांचा मुख्य संशय आहे. किती खाल्ले म्हणजे धोका, याचा नेम नाही, एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात आणि दुसऱ्याला थोडेसेही महागात पडतात. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन असतं, ते जितकं कडू तितकं जास्त. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर काही मिनिटांत धाडकन खाली येते. शेंगदाणे घालायचेच असतील तर ताजे, घरी भाजलेले, बिनमिठाचे.

चव वाढवायची असेल तर माझं एक गुपित आहे. चिपळूणकडून येणारा सुका जवळा, बिनमिठाचा. कोरडा भाजून, कुटून पिठात एक चमचा. घरभर वास सुटतो, आमचे हे खिडक्या उघडत फिरतात, पण बुंदी चुलीसमोरून हलत नाही. कलेजीही चालते, उकडून आणि अगदी थोडी, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व रोज जास्त गेलं की अंगावर येतं.

तूप? नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याला पाठ असते : कुत्रं कोरडी भाकरी घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या भक्तीपुढे मी काय बोलणार! पण घरच्या बैठ्या कुत्र्याला रोज तूप म्हणजे लठ्ठपणा, आणि एकदम भरपूर तूप-तळण म्हणजे स्वादुपिंडाची सूज. बिस्किटात एक थेंबही लागत नाही.

आता तो नखाएवढ्या तुकड्याचा हिशेब. वरच्या मापात साधारण ८५० कॅलरी बसतात आणि शंभरेक तुकडे निघतात, म्हणजे एकेक तुकडा आठ-नऊ कॅलरींचा. पंधरा किलो वजनाच्या, नसबंदी केलेल्या, फार न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला आठशे ते नऊशे कॅलरी पुरतात. खाऊ त्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे दिवसाला दहा तुकडे, आणि तेवढे दिले तर संध्याकाळच्या भाकरीतून चतकोर कमी. कुत्र्याला तुकडा मोठा की छोटा याच्याशी घेणंदेणं नसतं. किती वेळा मिळाला हे ते मोजतं. बाजारातलं ग्लुकोजचं बिस्किट मात्र मैदा, साखर आणि तेल यांचं. ते पुड्यानं घालणारे लोक मायाळू असतात हे मान्य, पण त्या मायेने कुत्र्याचे दात किडतात आणि पोट सुटतं.

कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य कशाला, असं शहरातून येणारी भाचरं मला ऐकवतात. त्यांच्यासाठी एक उत्तर मी राखून ठेवलंय. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून तो बदलला. आमच्या वरच्या वाड्यावरची कुत्री ताकात कुस्करलेल्या भाकरीवर गुरं राखतात, त्यांना हे जनुक-बिनुक ठाऊक नाही. विकतचं कुत्र्याचं बिस्किटही काही निराळं नव्हतं. १८६० च्या दशकात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये ते विकायला काढलं, त्यातही गहू, भाज्या, बीट आणि सुकवलेलं मांसच होतं. गोदीत खलाशांची कडक बिस्किटं खाणारी कुत्री पाहून त्याला ते सुचलं, असं सांगतात. समुद्रावर महिनोन्महिने टिकायला ते खडखडीत कोरडं असावं लागे. आमच्या पावसाला हेच लागू.

नवा पदार्थ पहिल्यांदा देताना एकच तुकडा द्या आणि दुसऱ्या दिवशीचं पोट बघा. पिल्लाला, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार असलेल्या कुत्र्याला पशुवैद्यांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. बेदाणे, चॉकलेट किंवा झायलिटॉलचं काही खाल्लं असेल तर लक्षणं दिसायची वाट न पाहता दवाखाना गाठा. किती आणि केव्हा खाल्लं ते लक्षात ठेवा, पुडा सोबत न्या. जवळ दवाखाना नसेल तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. आणि धरण बघायला येणाऱ्या पाहुण्यांनो, रस्त्यावरच्या कुत्र्यांना क्रीमची बिस्किटं टाकण्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना दर वर्षी रेबीजची लस मिळते का ते पाहा. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, बऱ्याच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत ती मोफत टोचतात. त्या दिवशी हे तुकडे खिशात घेऊन जा, सुईच्या वेळी कामी येतात.