वावरातल्या ऊर्जेचा हिशेब : मोटर, चूल, चिपाड आणि पाचट



खताचा हिशेब आपण पोत्यांवर ठेवतो, पाण्याचा पाळ्यांवर आणि उसाचा टनांवर. पण हे सगळं ज्याच्या जोरावर चालतं त्या ऊर्जेचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. शेतकी विभागाच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना दोन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला, "साहेब, पाचट जाळलं तर बिघडते काय?" आणि दुसरा, "आमच्या उसाच्या चिपाडावर वीज होते म्हणतात, मग त्यात आमचं काय?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हिशेबात आहे. तो हिशेब या लेखात मांडला आहे.

१) ऊर्जा मोजायची कशी?

ऊर्जा म्हणजे काम करण्याची कुवत. विजेच्या बिलावर आपण जो 'युनिट' पाहतो तेच माप सगळीकडे लावू, म्हणजे तुलना सोपी होईल. धडधाकट माणूस आठ तास राबला तर त्याचं काम साधारण अर्ध्या युनिटाच्या थोडं वर जातं. बैलजोडीची ताकद जवळपास एक अश्वशक्ती धरली, तर सहा तास चाललेली जोडी साडेचार युनिटांचं काम देते. एक लिटर डिझेलात सुमारे दहा युनिटांएवढी उष्णता असते. त्यातली अडीच ते तीन युनिटं इंजनाच्या चाकावर मिळतात, बाकीची धुरात आणि गरम पाण्यात जातात.

मोट का गेली आणि इंजन का आलं, हे यावरून कळेल. दोन लिटर डिझेल बैलजोडीच्या दिवसभराच्या कष्टापेक्षा जास्त काम करतं. मात्र बैल धुऱ्यावरच्या गवतावर आणि कडब्यावर जगतो, शिवाय शेण देतो. डिझेल पैसे मोजून आणावं लागतं. स्वस्त काय आणि महाग काय हे ठरवताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

२) जुनी ठेव आणि चालू उत्पन्न

कोळसा, डिझेल, लाकूड, ऊस, इतकंच काय पण बैलाची ताकदसुद्धा मुळात सूर्याची. फरक एवढाच की कोळसा व खनिज तेल ही कोट्यवधी वर्षांपूर्वीची ठेव आहे, आणि ऊस, पऱ्हाट्या, शेण, वारा, ऊन हे चालू सालचं उत्पन्न आहे. ठेव मोडली की ती पुन्हा भरत नाही. उत्पन्न दर साली येतं.

आपला भाग या दोहोंच्या मधोमध आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात खाली वणी, वरोरा, चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचं आहे. पुलगाव-आर्वी ही छोट्या रुळाची गाडी जुन्या सभासदांना आठवत असेल. आता ती बंद आहे. कोळशावर चालणारं वाफेचं इंजिन शंभर भाग उष्णतेतून जेमतेम पाच-सात भाग चाकाला द्यायचं. बाकी सगळं धुराड्यातून आभाळात! वाफ एकदा वापरून सोडून दिली की असंच होणार. साखर कारखान्यात काय वेगळं घडतं ते पुढे पाहू.

चालू उत्पन्न गोळा करण्यात उसाचा हात धरणारी पिकं थोडी. भात, गहू, कापूस, तूर यांची पानं हवेतला कर्ब एका पद्धतीने घेतात, ऊस, मका, ज्वारी दुसऱ्या पद्धतीने. कडक उन्हात ही दुसरी पद्धत सरस ठरते. ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ती उलगडून दाखवली, आणि तीही उसाच्याच पानांवर अभ्यास करून. तरीसुद्धा पडलेल्या उन्हापैकी एक-दोन टक्केच ऊर्जा पिकात साठते. म्हणून जी साठली ती तरी वाया जाऊ नये.

३) विहिरीवरच्या मोटरीचा हिशेब

एक एकर उसाला पावसाशिवाय वरून साठ लाख लिटर पाणी द्यावं लागलं आणि ते एकूण १५ मीटर उचलावं लागलं असं धरा. निव्वळ पाणी उचलायला सुमारे २४५ युनिटं पुरतात. पण शेतावरचे पंपसंच बहुधा शंभरातले पस्तीस भागच पाण्यापर्यंत पोचवतात. म्हणजे मीटरवर ७०० युनिटं पडतात. मागे जा. औष्णिक केंद्रात कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतून ३३-३४ भाग वीज होते. त्यातली काही केंद्राला स्वतःलाच लागते, काही तारांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, मोटरीपर्यंत २८ च्या आसपास येते. पाण्यापर्यंत पोचतात दहा! एका एकराच्या पाण्यामागे कुठंतरी सहाशे किलोच्या घरात कोळसा जळतो.

२०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आहे. वीज मोफत असली तरी तिच्यामागचा कोळसा मोफत नाही आणि विहिरीतलं पाणी तर नाहीच. गळका फूट व्हॉल्व्ह, गरजेपेक्षा बारीक पाईप, जागोजागी बाक, विनाकारण उंच सोडलेली पाईपची तोंडं आणि न बसवलेला कपॅसिटर, एवढ्या पाच गोष्टी सुधारल्या तरी पंपसंचाचं काम बरंच वाढतं. ठिबकामुळे पाणी निश्चित वाचतं. विजेचं मात्र तसं सरसकट सांगता येत नाही, कारण ठिबकाला दाब लागतो. पाणी खोल असेल तर वीजही वाचते, वरच असेल तर फारसा फरक पडत नाही. दिवसा चालणाऱ्या सौर पंपाचा खरा फायदा असा की रात्री-अपरात्री साप-विंचवात पाणी ओलायला जावं लागत नाही.

४) घरातली चूल

आपल्या भागात पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या हे पिढ्यान्पिढ्यांचं जळण. साध्या चुलीत शंभरातले सुमारे दहा भाग भांड्याला लागतात, बाकीचे धुरात आणि भिंतीत. तो धूर घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, हे नुकसान कोणत्याच वहीत मांडलं जात नाही. याचा विचार वर्ध्यात फार आधी झाला. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, गूळ यांबरोबर चुलीवरही काम झालं. धूर बाहेर काढणारी 'मगन चूल' ही तिथलीच.

गोबर गॅसचा हिशेब आणखी बोलका आहे. रोज पन्नास किलो ओलं शेण असेल तर दोन घनमीटरचा संयंत्र चालतो व चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. तेवढ्याच शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत घातल्या तर भांड्याला लागणारी उष्णता साधारण निम्मी मिळते. शिवाय गोवरीची राख होते, गॅसच्या संयंत्रातून मात्र उत्तम मळी-खत परत वावरात जातं. ऊर्जा काढून घ्या, पण खत वावराला परत द्या, हे तत्त्व ध्यानात ठेवा. पाचटाच्या वेळी ते लागणार आहे.

५) कारखान्यात चिपाडाचं काय होतं?

गुऱ्हाळ सगळ्यांनी पाहिलं आहे. चुलवणात वाळलेलं चिपाड सारायचं आणि वर उघड्या काहिलीत रस आटवायचा. रसातलं पाणी वाफ होऊन उडून जातं, त्याबरोबर उष्णताही जाते.

कारखान्यात ती वाफ वाया जाऊ देत नाहीत. बॉयलरमधली जोरदार वाफ आधी टर्बाईन फिरवते आणि वीज देते. तिथून दाब उतरलेली वाफ रस आटवायच्या भांड्यांकडे जाते. पहिल्या भांड्यातल्या रसातून जी वाफ निघते ती दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, तिसऱ्यातली चौथ्याला. पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे रस कमी उष्णतेवरही उकळतो. अशा चार भांड्यांत एक किलो वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडवते. अमेरिकेतल्या लुइझियानात नॉर्बर्ट रिल्यू या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने ही युक्ती काढली व १८४३ साली तिचं पेटंट घेतलं. आजही जगभरचे साखर कारखाने त्याच तत्त्वावर चालतात.

आता आकडे. एक टन उसातून सुमारे ३०० किलो चिपाड निघतं. त्यात निम्मं पाणीच असतं. तरी त्यापासून ६५० किलोच्या आसपास वाफ होते. काटकसरीने चालवलेल्या कारखान्याला टनामागे ४०० ते ४५० किलो वाफ पुरते. उरलेलं चिपाड ही शिल्लक. ३०० किलो चिपाडाची उष्णता आपल्याकडच्या पावणेदोनशे किलो कोळशाएवढी भरते. म्हणून साखर कारखाना हा असा उद्योग आहे की ज्याचा कच्चा माल आपलं इंधन सोबत घेऊनच येतो. उच्च दाबाचे बॉयलर असलेल्या सहवीज प्रकल्पांत टनामागे शंभराच्या वर युनिटं तयार होतात. तीस-पस्तीस कारखाना स्वतः वापरतो, बाकीची विकता येतात.

यात सभासदाचा हात कुठे? उसाबरोबर माती, मुळ्या आणि ओलं वाढं आलं की माती बॉयलरच्या जाळीवर वितळून गठ्ठे होतात, आग मंदावते, गाळप थांबतं. चिपाडातलं पाणी एक टक्क्याने कमी झालं तरी किलोमागे ४५ ते ५० किलोकॅलरी उष्णता वाढते. स्वच्छ, ताजा ऊस द्या असं आम्ही सांगतो ते केवळ उताऱ्यासाठी नव्हे.

६) पाचट : जाळायचं, विकायचं की ठेवायचं?

एकरी तीन ते चार टन वाळलेलं पाचट निघतं. साडेतीन टन धरलं तर त्यात सुमारे तीन टन कोळशाएवढी उष्णता आहे. काडी लावली की ती अर्ध्या तासात संपते, आणि त्यातून पाण्याचं एक भांडंसुद्धा तापत नाही.

उष्णतेबरोबर आणखी काय जातं? त्याच पाचटात सुमारे १५ किलो नत्र असतं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याचा पाऊण हिस्सा. शिवाय ३० किलोच्या आसपास पालाश आणि हजार किलोंवर सेंद्रिय कर्ब. जाळल्यावर नत्र व कर्ब हवेत जातात. पालाश राखेत उरतो, पण ती राख पहिल्या वाऱ्याने शेजारच्या वावरात! आणि युरियासुद्धा ऊर्जाच आहे. नैसर्गिक वायूपासून एक पोतं बनवायला २५ ते ३० लिटर डिझेलाएवढी उष्णता खर्ची पडते. एकीकडे पाचट पेटवायचं आणि दुसरीकडे खताच्या रांगेत उभं राहायचं, हा व्यवहार कुठल्याच वाण्याला पटणार नाही.

काही ठिकाणी पाचटाच्या गाठी बांधून बॉयलरसाठी नेतात. जाळण्यापेक्षा ते बरंच. पण उष्णतेचे पैसे एकदा मिळतील, जमिनीतून मात्र खत आणि ओल दोन्ही गेली. काळ्या जमिनीत एप्रिल-मेच्या उन्हात भेगा पडतात. पाचटाचं आच्छादन असलं की ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि तण दबतं. पाळी वाचली की वर सांगितलेली मोटरीची युनिटंही वाचली. म्हणून खोडवा ठेवणार असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, पाचट वावरातच ठेवा. खोडवा मोडून लगेच दुसरं पीक घ्यायचं असेल आणि कुजवायला वेळ नसेल, तरच गाठींचा विचार करा.

७) विजेत आपला वाटा

आता दुसरा प्रश्न. २०१३ च्या महाराष्ट्राच्या ऊसदर कायद्यानुसार महसूल वाटपाचं सूत्र असं आहे : साखरेबरोबर चिपाड, मळी (मोलॅसिस) व प्रेसमड हे प्राथमिक उपपदार्थ धरले तर उत्पन्नाचा ७० टक्के हिस्सा उसाच्या दरापोटी, आणि फक्त साखर धरली तर ७५ टक्के. म्हणजे चिपाडाची किंमत उसाच्या दरात धरली जाते. ते फुकट जात नाही. मात्र चिपाडापासून पुढे वीज किंवा मळीपासून मद्यार्क केल्यावर होणारा जादा नफा या सूत्रात थेट येत नाही. सहकारी कारखान्यात तो कर्जफेडीला जायचा, यंत्रसामग्रीला की दराला, हे मालकांनी, म्हणजे तुम्ही, जाणून घ्यायला हवं.

त्यासाठी अहवाल वाचताना चार आकडे शोधा : चिपाड किती निघालं, बॉयलरला किती लागलं, शिल्लक किती राहिलं आणि कशाला गेलं, आणि टनामागे वाफ किती खर्च झाली. चौथा आकडा दरसाल उतरला पाहिजे. तो चढत असेल तर सर्वसाधारण सभेत उठून कारण विचारा. असं विचारणं म्हणजे भांडण नव्हे. तो सभासदाचा हक्क आहे.

८) या हंगामात एवढं करा

१. तोडणी झाल्याबरोबर टोळीला पाचट पेटवू देऊ नका. मुकादमाला आधीच सांगून ठेवा.
२. पाचट सरीत दाबा. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका आणि पाणी द्या.
३. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. त्यावर पाचट पडू देऊ नका, फुटवे अडतात.
४. ऊस वाढं व मुळ्या काढून, माती झटकून भरा. तोडलेला ऊस वावरात पडू देऊ नका.
५. मोटरीचा फूट व्हॉल्व्ह व कपॅसिटर हंगामापूर्वी तपासा.
६. चार-पाच जनावरं असतील तर गोबर गॅसचा विचार घरातल्या बायामाणसांना विचारून करा. चुलीपुढं त्याच बसतात.

पाचट कुजवण्याचं प्रात्यक्षिक पाहायचं असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावं. पाच-सहा जणांची नावं झाली की आम्ही तुमच्याच वावरात येऊन ते करून दाखवू. यंदा निदान अर्ध्या एकरात पाचट ठेवून पाहा आणि उरलेल्या अर्ध्याशी खोडव्याची तुलना स्वतःच करा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग